पुढचा डबा

"डब्याला हात कोनी लावला, ते सांग आदी."

"सांगितलं ना आजी, मीच. दोन चमचे घेतले होते."

"दोन चमच्यानं डबा अर्दा व्हतो?"

 सहा महिने नात अंकिता दर पंधरवड्याला दोन चमचे भुकटी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेत होती. औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा तिचा प्रकल्प त्याच भुकटीवर उभा होता.

भामाआजी पळस्प्याजवळच्या आपल्या जुन्या शेताच्याच जमिनीवर राहते, फक्त आता तिसऱ्या मजल्यावर. शेताची इमारत झाली, पण गुडघ्याचं औषध सुटलं नाही. रविवारी खांदा कॉलनीतली माणसं गुडघे धरून जिना चढतात. आजी सालीची भुकटी तुपात कालवून देते. पैसे घेत नाही, एक नारळ घेते. झाडाचं नाव मात्र तिने पोटच्या पोरालाही सांगितलेलं नाही.

कारण आहे. पंधरा वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून एक माणूस आला होता. गोड बोलला, वहीत झाडाचं नाव लिहून घेतलं. पावसाळा संपला तेव्हा टेकडीवरची ती सगळी झाडं बुंध्यापासून सोललेली होती. वर्षभरात वाळली. एक वाचलं.

"आजी, तू तुपातच का देतेस?" अंकिताने सूर बदलला.

"पान्यात अंगाला लागत नाय."

"आम्ही तेच करतोय. सालीतलं औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून चरबीच्या कणांत भरतो. कण इतके बारीक, की डोळ्यांना दिसत नाहीत."

"दिसत नाय, त्यात तू काय भरलंस ते मला कसं कलनार?"

स्वयंपाकघरातून सून निशा म्हणाली, "आई, पोरगी घरचीच आहे."

"तो वहीवाला पन मला आये म्हनायचा."

अंकिता खुर्चीत बसली. "भरून काही उपयोगही नाही. कण पेशींत बरोबर पोचतात, पण सूज तसूभर कमी होत नाही. गाडी पोचते, आत मालच नाही. सर म्हणतात, गुरुवारपर्यंत साल आणि झाडाचं नाव आण, नाहीतर विषय बंद. वर्ष गेलं माझं."

आजी तिच्याकडे वळली.

"फलीवरच्याच डब्यातली नेलीस ना?"

"हो. पुढच्या."

"ती चिंचेची साल हाय. चोरासाठी ठेवलेली. सासूनं शिकवलं व्हतं. खरी तांदलात असते."

निशाच्या हातातली पळी थांबली. अंकिता आधी हसली, मग तिचे डोळे भरले. "सहा महिने मी चिंच तपासतेय?"

"इचारलं असतंस तर?"

"तू सांगितलं असतंस?"

 आजी उठून बाल्कनीत गेली आणि कर्नाळ्याच्या सुळक्याकडे तोंड करून बसली. चहा नेला तोही तसाच निवला.

संध्याकाळी मुलगा परेश घरी आला, ताटं वाढली गेली, तेव्हा ती आत आली.

"गुरवारी मी हिच्यासंगं कालेजात येनार. साल माज्या पिशवीत, एका फांदीची. कुटनार मी, तुपात भरनार ही, माज्या समोर. उरंल ती परत आननार. झाडाचं नाव लिवा. जागा कुनी इचारायची नाय, परेशनं बी नाय. आन पुढचा डबा उद्या भरून ठेवनार हाय, तितंच."

तिने भात ओढून घेतला.