खंडेनवमीचं कुंकू

मिठाईचं पांढरं खोकं हातात आलं की मला अजून परभणीतला आमचा कारखाना आठवतो. पुठ्ठ्याला घड्या घालून चिकटवणारं मशीन तिथं येईतो आम्ही बाया हातानंच खळ लावायचो.

मशीनच्या पहिल्या खंडेनवमीला पूजा माझ्याकडं होती. मी हौसेनं ओल्या कुंकवाची बोटं थेट फिरत्या पट्ट्यावरच ओढली. लय शहाणी मी! मालकाला दिवाळीची खोकी घाईनं हवी होती. नारळ फुटताच त्यानं बटण दाबलं, आणि प्रत्येक खोक्यावर लाल डाग उठायला लागले. तो माझ्यावर ओरडला. मीही ओरडले, "कुंकू वाळू तरी द्यायचं की, मालक!"

खोकी झेलायला पलीकडं आमच्यातली एक विधवा बाई होती. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे. पूजेलाही ती लांबच उभी राहिली होती. झेलता झेलता तिचे हात लाल झाले, आणि घाम पुसताना कपाळही. आमचं भांडण तिथंच थांबलं.

सुटी झाल्यावर तिनं नळावर हात घासून धुतले. भिंतीवरच्या आरशात बघून पदर नीट केला, आणि तोंड न धुताच घरी गेली.