ताटावरची नावं

भांड्यांच्या दुकानात आता लेसरने नावं घालतात. पूर्वीची टर्रटर्र नाही. एक पांढरी ठिणगी स्टीलवर धावते आणि मागे अक्षरं उरतात. मी डब्यावर नाव घालून घ्यायला थांबले होते. शेजारी एक बाई लेकीला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून एक नवंकोरं ताट काढलं. लग्नासाठी म्हणून त्याच्या तळावर मधोमध लेकीचं आणि एका मुलाचं नाव घातलेलं होतं.

"लग्न मोडलं हो," बाई हळूच म्हणाल्या. "नावं जातील का?"

"घासून देतो ताई. दिसणार नाहीत," दुकानदार म्हणाला.

ताट घासायच्या चाकाला लागलं. माझी सगळी नोकरी धातूंच्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे डोक्यात भलतंच सुरू झालं. लेसरचा झटका बसला की तेवढाच ठिपका तापून फुगतो. भोवतीचं थंड स्टील त्याला पसरू देत नाही. मग तो निवताना आक्रसतो, आत अणूंच्या रांगा सरकतात आणि पुन्हा जागेवर येत नाहीत; पत्रा तिथे किंचित वाकतो. धातूला त्याचं सुख ना दुःख. तो फक्त तसा राहतो.

ताट लखलखीत होऊन आलं. बाईंनी ते उजेडात धरून पाहिलं. "बघ, काही राहिलं नाही," म्हणत काचेच्या काउंटरवर ठेवलं.

नावं होती तिथे तळ खालून कणभर फुगलेलाच होता. ताट डुगडुगलं. मुलीने काठावर एक बोट टेकवलं, आणि ते तसंच ठेवून म्हणाली, "हो आई, नाही राहिलं."