कागदावरचं मीठ

धाकट्या बहिणीनं समुद्रकिनाऱ्यावरून आणलेलं यंत्र अप्पांनी पाटावर ठेवलं आणि त्यावर विभूतीची तीन बोटं ओढली. माझा जळफळाट झाला. अठरा वर्षं मी इथं आमच्या चिटगुप्पा गावात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत बाटल्यांतलं पाणी गाळतेय, पण माझ्या वजनकाट्याला घरातल्या कुणी कधी विभूती लावली नाही.

"हे करतंय काय गं नेमकं?" अप्पांनी तिला विचारलं.

ते खाडीच्या पाण्यात आवाज सोडतं, ती म्हणाली. पाण्यात तरंगणाऱ्या गाळावर आपटून तो परत येतो, त्यावरून गाळ किती ते कळतं. अप्पा खूश.

"पण आवाजाला ग्रॅम कळत न्हाईत," मी मधेच बोलले.

"म्हणून तर अक्काकडं आले की!" ती हसली.

त्याच खाडीच्या पाण्याच्या बाटल्या तिनं आणल्या होत्या. मी केलेली गाळाची वजनं यंत्राच्या आकड्यांशी जुळली, तर पुढच्या महिन्यात यंत्र घेऊन बोटीवर तीच जाणार होती. नाहीतर दुसरं कुणीतरी.

मी प्रत्येक बाटलीतलं अर्धं पाणी गाळायच्या कागदातून गाळलं, कागद भट्टीत वाळवले, वजनं केली. आम्हा नदी-विहिरीच्या माणसांना एक गोष्ट सुचतच नाही. समुद्राचं पाणी गाळल्यावर कागद शुद्ध पाण्यानं धुवावा लागतो, नाहीतर मीठसुद्धा गाळ म्हणून मोजलं जातं. वजनं लिहून झाल्यावर मला कागदाच्या कडेला पांढरं काहीतरी दिसलं. जिभेला लावलं. खारट.

तरीही मी ती वजनं तशीच तिच्या हातात दिली. एकदा तरी तिचं काहीतरी फसावं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आकडे घेऊन बसली. माझी वजनं सगळीकडे जास्त. आता ती मला बोलणार म्हणून मी भांडायच्या तयारीतच होते. तिनं सरळ तिच्या साहेबांना फोन लावला आणि कन्नडमध्ये सांगितलं, यंत्रच चुकतंय, बोटीवर दुसऱ्याला पाठवा. वजनात चूक नाही, माझ्या अक्काचा हात चुकत नाही.

तिनं फोन ठेवला तसं माझ्या तोंडून निघालं, "कागद धुतले न्हाईत मी. मीठ हाय त्याच्यावर."

"कवा कळलं तुला?"

"काल. तुला वजनं द्यायच्या आधी."

साहेबांना पुन्हा फोन करून तिनं दोन दिवस मागून घेतले. मग प्रयोगशाळेत न्यायला उरलेल्या पाण्याच्या बाटल्या उचलल्या. मी चप्पल घालून तिच्यामागं निघाले.

"तू बस, अक्का," ती म्हणाली. "वजन मी करते."