डिंकरावांची नोटीस

नगररचना खात्यात नोटिसा चिकटवणाऱ्या शिपायाला सगळे डिंकराव म्हणत, आणि गडी त्या नावावर खूश होता. काम काय, तर कुठे बांधकाम व्हायचं असलं की जागेवर नोटीस लावायची, फोटो काढायचा आणि तीस दिवस लोकांच्या हरकतींची वाट बघायची. हरकत आली की साहेबांचं डोकं उठायचं. म्हणून डिंकरावांनी एक कला कमावली होती. नोटीस लावायची, पण कुणाला दिसू द्यायची नाही! कधी ट्रान्सफॉर्मरच्या मागे, कधी कचराकुंडीच्या पलीकडच्या अंगाला. फोटोत मात्र ती अशी ठसठशीत यायची, की वाटावं लोक रांग लावून वाचतायत. एकोणीस वर्षांत हरकती आल्या तीन, आणि त्यातली एक खांब रंगवायला आलेल्या माणसाची.

स्वतः त्यांनी एकही नोटीस वाचली नव्हती. कुणी विचारलंच तर, "पोस्टमन काय पत्रं फोडून वाचतो?" असं वर ऐकवायचे.

मग त्यांच्याच घरामागच्या मोकळ्या जागेवर चोवीस रो-हाउस बांधायचा प्रस्ताव आला. डिंकराव हवेतच! त्यांची बायको घराच्या पुढच्या खोलीत कपडे शिवायची. त्या जागेच्या कडेनं एक बोळ बाजारातून थेट तिच्या दारात यायचा, आणि त्या बोळावरच तिचा धंदा उभा होता. रस्त्यानं यायचं तर अर्ध्या तासाचा वळसा. एक बाही आखूड करायला एवढं कोण चालतंय?

"चोवीस घरांचे पडदे! हात पुरायचे नाहीत तुला," डिंकराव म्हणाले.

"अहो, पण कागद नीट बघितलात ना?"

"मला शिकवतेस?"

बायकोनं हौसेनं दुसरं मशीन घेतलं. डिंकरावांनी नोटीस बंद पडलेल्या पंपघराच्या मागच्या भिंतीवर लावली, जिथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. का, म्हणाल तर काही कारण नाही. हाताला वळणच तसं पडलेलं.

तीस दिवस सरले आणि माणसं बोळाच्या तोंडाशी मोजणीच्या खुंट्या ठोकू लागली. बायकोनं हटकलं, तर मुकादमानं तिच्या हातात नोटीसच ठेवली. कलम चार: बोळ प्रकल्पात सामील, तिथे कुंपणभिंत. घरी येऊन तिनं ते नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. डिंकराव पहिल्यांदाच आपली नोटीस ऐकत होते.

मंजुरीआधीच्या शेवटच्या आढावा बैठकीला ती गेली. समितीनं पाऊण तास फाटकाच्या रंगावर घालवला. बदामी की राखाडी? झाडं किती, असं एकानं विचारलं, तेव्हा नकाशावरच्या हिरव्या टिकल्या मोजून चौदा असं उत्तर मिळालं आणि सगळ्यांना पर्यावरण राखल्याचं समाधान झालं. मग ती उठली.

"साहेब, बोळ बंद झाला तर माझं काम बसलं."

"मुदतीत एकही हरकत नाही, बाई. नोटीस लावली होती."

"मी रोज तिथून जाते. मला कशी दिसली नाही?"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "नोटीस दिसेल अशी नसेल, तर सगळं पुन्हा करावं लागेल. कुणी लावली?"

साहेबांनी दाराशी उभ्या डिंकरावांकडे बोट केलं. "आमचा जुना माणूस. आठ महिन्यांत निवृत्त होतोय, विचारा त्यालाच."

डिंकरावांनी साहेबांकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. 'पंपघरामागे' एवढं म्हटलं असतं तर बोळ वाचला असता. नोकरी मात्र गेली असती, आणि एकोणीस वर्षांच्या कलेचे वाभाडे निघाले असते.

"दर्शनी भागी लावली होती, मॅडम," ते म्हणाले. आवाज जरासुद्धा कापला नाही.

प्रस्ताव मंजूर झाला. फाटक बदामी.

बाहेर पायऱ्यांवर डिंकराव तिच्या मागे धावले. "अगं, ऐक तरी! पेन्शनचा प्रश्न होता. आपल्या दोघांसाठीच ना..."

ती थांबली. "कागद न वाचता लावलात, ते मी पोटात घातलं होतं. माणूस आहे, चुकतो. पण आत्ता आत जे बोललात, ते वाचून, समजून, माझ्याकडे बघून बोललात."

आणि ती घराकडे निघाली, लांबच्या रस्त्यानं.