हार्कर मास्तरांची पोरं

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा ठेवायला जाते. लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट म्हणून आयुष्य गेलं, मोजता येत नाही ते माझ्या लेखी नाहीच. तरी हे लिहितेय... कारण हे माझ्याच बाबतीत घडलं, तेही भर दुपारी.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या शेजारी डोरोथी राहायची. ऐंशीच्या घरातली, एकटी, जिभेची तिखट. एवढ्या मोठ्या बाईला नुसतं नावाने हाक मारायला मला जड जायचं, पण ‘मिसेस’ लावलं की ती चिडायची. तिचे आजोबा, हार्कर मास्तर, व्हिक्टोरिया राणीच्या काळात डेल्स म्हणतात त्या डोंगरदऱ्यांमधल्या एका खेड्यात शाळा चालवायचे. घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे. त्यांची नोकरी गेली, गाव उलटलं, मयतीला एकही विद्यार्थी आला नाही, त्यानंतर घरच्यांनी गावच सोडलं — एवढंच तिच्या वडिलांनी सांगितलेलं, तेही मान खाली घालून. नोकरी का गेली, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

“मरायच्या आधी एकदा त्यांच्या थडग्याशी उभं राहायचंय,” ती मला म्हणाली. “कुणीतरी आलं, एवढं तरी त्यांना कळू दे.”

झालं, शनिवारी आम्ही दोघी लायब्ररीत मायक्रोफिल्म फिरवत बसायला लागलो. जुन्या सेन्ससमध्ये मास्तर सापडले. मग त्याच गावातली शाळकरी वयाची पोरंही सापडत गेली, कुणी मेंढपाळाचं, कुणी शिशाच्या खाणीतल्या मजुराचं. नावं तोंडपाठ झाली. आमचे डॉक्टर, म्हणजे माझा नवरा मोहन, मला विचारायचा की स्वतःच्या पणजोबांचं नाव तरी आठवतंय का. आठवत होतं, खापरपणजोबांचं नव्हतं.

ऑगस्टमध्ये आम्ही त्या गावी गेलो. गाडी माझी, सँडविचेस तिची. चर्चमागची दफनभूमी पालथी घातली, पण हार्कर नावाचा एकही दगड नाही. डोरोथी बाकावर बसली आणि म्हणाली की वडील खरंच सांगत होते, साधा दगडही कुणी बसवला नाही. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून पोरांचा आवाज आला... आम्ही पाढे म्हणायचो ना, अगदी तसा. एकाने आधी म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. मला वाटलं, शाळा भरलीय. ऑगस्टमध्ये इथल्या शाळा बंद असतात, हे डोक्यातच आलं नाही. आणि कराडच्या शाळेत लागलेली सवय ती, जाते कुठे? मीही मागून म्हणायला लागले.

यॅन. टॅन. टेदर. मेदर. पिप.

अर्थ काडीचा कळत नव्हता. पण मी म्हटलं की आवाज जरा पुढे सरकायचा, मी गप्प झाले की तोही गप्प. म्हणत म्हणत मी भिंतीच्या कडेने चालत गेले. पार कोपऱ्यात आयव्हीच्या वेलींचं रान माजलं होतं, तिथे आवाज थांबला. मग हशा आला, शाळा सुटल्यावर पोरं हसतात तसा. मग काहीच नाही.

मागे वळले तर डोरोथी काठी टेकत आलेली. चेहरा पांढरा पडलेला.

“सुनंदा, हे तुला कुणी शिकवलं?”

“ती मुलं म्हणतायत ना, तेच...”

“कुठली मुलं? मला फक्त तुझा आवाज येत होता.”

मी भिंतीपलीकडे वाकून पाहिलं. रिकामं कुरण. ही इथल्या मेंढपाळांची मेंढ्या मोजायची जुनी रीत, एक ते पाच, डोरोथीने सांगितलं. शाळांमध्ये मात्र हे गावठी आकडे तेव्हा चालत नसत. लहानपणी एकदा वडिलांच्या तोंडून तिने ती ऐकली होती, आणि त्यांनी लगेच तोंड मिटलं होतं. मला तिने यातलं कधीच काही सांगितलं नव्हतं.

आम्ही दोघींनी आयव्ही ओरबाडायला सुरुवात केली. हात सोलवटले. आत दगड होता, ताठ उभा. मास्तरांचं नाव, आणि त्याखाली — आम्हाला आमच्या शब्दांत मोजू दिलं म्हणून ज्यांची शाळा गेली, त्यांना, त्यांच्या विद्यार्थ्यांकडून. पुढे पोरांची नावं, आम्हाला तोंडपाठ असलेली! आणि सगळ्यात खाली कोरलेलं: यॅन, टॅन, टेदर, मेदर, पिप.

डोरोथीने काठी आभाळाकडे उगारली आणि मयत वडिलांना ठणकावून सांगितलं, “तुम्ही चुकलात. ते सगळे आले होते.” मग मला मिठी मारली आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. इतका आनंद मला माझ्या पदवीचासुद्धा झाला नव्हता.

ती एवढ्यावर थांबणारी नव्हती. दगडावरची आडनावं तिने टेलिफोन डिरेक्टरीत शोधली, घरोघरी फोन केले. पुढच्या उन्हाळ्यात त्या कोपऱ्यात जत्रा जमली. शेतकरी आले, एक नर्स आली, एक बस ड्रायव्हर सहकुटुंब आला. मोजणी सुनंदाच सांगणार, असं डोरोथीने जाहीर केलं. मी पुढे, आणि अख्खा डेल माझ्या मागून!

मोहन म्हणतो, “अगं, टीव्हीवर कधीतरी ऐकलं असशील.” ऐकलंही असेल. पण आयव्हीखालचा तो कोपरा टीव्हीने कुठे दाखवला होता? उत्तर शोधायचं मी सोडून दिलंय.

फक्त त्या उन्हाळ्यातल्या जत्रेत, मोजता मोजता मी मुद्दाम मध्येच गप्प झाले. भिंतीकडे कान लावला. माझ्या मागून म्हणणारेही थांबले. पलीकडे काही नव्हतं, नुसता वारा. अलीकडे मात्र एक आवाज थांबलाच नव्हता. आजोबांच्या दगडावर हात ठेवून डोरोथी एकटीच पुढचा आकडा म्हणत होती, खणखणीत.