काकूंच्या दारातली गाडी

आमच्या गल्लीत गाड्या लावायला परवाना ठेवायचा, असं ठरलं तेव्हा नियम मीच लिहिले. सिंदी मेघेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे लिहिण्याची कामं माझ्याकडे येतात. कोपऱ्यावर मंगल कार्यालय झाल्यापासून लगीनसराईत गल्ली वऱ्हाडाच्या गाड्यांनी भरून जायची. एकदा कोणाची तरी बोलेरो माझ्या फाटकाला लागून उभी होती आणि मी सकाळभर घरात अडकून पडले. म्हणून वॉर्डाच्या सदस्याने सुचवलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. दर घरामागे परवान्याचे दोन स्टिकर. गाडी ज्याच्या नावावर, त्याचं नाव त्या घराच्या रेशनकार्डात हवं. बाहेरच्याने नातेवाईक म्हणून घुसू नये, एवढाच माझा हिशेब होता.

समोरच्या काकू अर्ज घेऊन दुकानात आल्या. त्यांचं डायलिसिस सुरू होतं, मंगळवार, गुरुवार, शनिवार. त्या वारी सकाळी त्यांच्या दारात पांढरी गाडी यायची आणि लेक त्यांना घेऊन जायची. गाडी पुण्याच्या मुलाने लावून दिली आहे, असं काकू सगळ्यांना सांगत. मी आरसीची प्रत काढताना पाहिलं, नाव जावयाचं होतं, पत्ता पुलगावचा.

"काकू, यावर तर जावयांचं नाव आहे."

"हळू बोल न बाई."

"आणि ताईंचं नाव तुमच्या कार्डात नाही."

"लगन झालं त्याच महिन्यात तुह्या काकानं तहसीलमधे जाऊन कमी करून आणलं. पोरीचं नाव कोण ठेवते?"

खरंच कोणी ठेवत नाही. माझ्या माहेरच्या कार्डातही माझं नाव नाही. नियम लिहिताना ते माझ्या डोक्यात आलं नाही.

मी म्हटलं, रविवारी बैठक आहे, हरकत लिहून द्या. लेक दवाखान्यात नेते, गाडी तिच्या घरची आहे, दारात उभी राहू द्या. दोन ओळींचं काम.

"लिहून देऊ? मंग सारी गल्ली म्हणन, पोरगा काऊन नाई पायत मायले?"

"ते तर आताही म्हणत असतील, काकू."

मी तशीच बोलते. त्यांनी कागद पिशवीत टाकले आणि सावकाश पायऱ्या उतरल्या.

बैठक हनुमान मंदिराच्या सभामंडपात होती. मागच्या घरचे निवृत्त मास्तर आधी उठले. "दोनच स्टिकर? माह्या घरी तीन पोट्टे, तीन गाड्या. तिसरी काय देवघरात ठेवू?"

"ठेवा न मास्तर," किराणावाले म्हणाले, "तिथं तरी पुसल्या जाईन."

लोक हसले. मी नियम वाचून दाखवले आणि हरकती विचारल्या. काकू बायकांमध्ये सतरंजीवर बसल्या होत्या. लेक त्यांना हाताला धरून घेऊन आली होती आणि खांबाजवळ उभी होती. काकू काही बोलेनात, म्हणून मीच म्हटलं की आजारी माणसाची ने-आण करणाऱ्या गाडीला सूट ठेवू, ती कोणाचीही असो.

"कोणासाठी?" मास्तरांनी विचारलं. माना एकदम काकूंकडे वळल्या.

"माह्यासाठी म्हणत असन तर नोको," काकू म्हणाल्या. "माह्या पोरानं गाडी लावली हाये. तो पाहून घेईन काय ते."

लेक खांबाजवळच होती. ती आईकडे पाहत राहिली. मला खरं काय ते माहीत होतं. पण चारचौघांत काकूंना खोटं पाडणं मला जमलं नाही. मी वहीत लिहिलं, हरकत नाही.

पुढच्या आठवड्यापासून पांढरी गाडी मोठ्या रस्त्यावर, मंगल कार्यालयाच्या पलीकडे थांबू लागली. दवाखान्यातून परतताना काकूंच्या पायात जोर नसायचा. लेकीच्या खांद्यावर भार टाकून त्या येत, दोनदा-तीनदा कोणाच्या तरी ओट्यावर टेकत. मी म्हटलं, माझं एक स्टिकर रिकामं आहे, घ्या. काकू म्हणाल्या, चालणं चांगलं असते, डॉक्टरच म्हणते. एकदा मी स्कुटी घेऊन रस्त्यापर्यंत गेले, तर त्या बसल्या नाहीत.

मग गुरुवार बंद झाला. बरं वाटून राह्यलं, असं त्यांनी सांगितलं. लेक आली, दारात उभी राहिली, एकटीच परत गेली. असं किती गुरुवार चाललं ते मी मोजलं नाही. थंडी संपता संपता काकू गेल्या. चालण्याने गेल्या असं मी म्हणत नाही. आजारच तसा होता. पण गुरुवार का सुटला, हे मला माहीत आहे.

मुलगा पुण्याहून स्वतःच्या गाडीने आला. त्याचं नाव कार्डात होतंच, त्यामुळे मी त्याला स्टिकर दिलं आणि तेरा दिवस त्याची गाडी दारात उभी राहिली. तेरवीला लेक हातात भांड्यांची जड पिशवी घेऊन मोठ्या रस्त्याकडून चालत येताना दिसली. मी पुढे होऊन पिशवीचा एक बंद धरला.

"गाडी आत आणायची होती न ताई. आज कोण विचारते?"

"आता कशाले, वहिनी," ती म्हणाली. "मले का चालता येत नाई?"

पिशवी तशीच दोघींनी धरून आम्ही आत नेली. पंगत बसायची वेळ झाली होती.