शनिवारचा उपास

मंगल प्रार्थनेला तिसऱ्यांदा पडली, तेव्हा हेडमास्तरांनी माझ्याकडे दाखला मागितला. दाखल्यात काय लिहायचं, तेही त्यांनीच सांगून टाकलं.

"फिट्स येतात, असं लिहा डॉक्टरबाई. दहावीचा वर्ग आहे. उद्या बोर्डाच्या पेपरात पडली तर शाळेचं नाव खराब. तिला बाहेरून बसू दे."

बाहेरून बसणं म्हणजे शाळेतून नाव कमी करायचं आणि परीक्षेचा फॉर्म आपला आपण भरायचा. ज्या घरात फॉर्म वाचणारं दुसरं कोणी नाही, तिथल्या मुलीसाठी बाहेरून म्हणजे कायमचं बाहेर. हे हेडमास्तरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, घाटकोपर पश्चिमेची. डोंगराच्या उतारावर वस्ती आणि पायथ्याला शाळा. माझा दवाखाना त्याच रस्त्यावर होता. शाळेची डॉक्टर म्हणून मी दर शनिवारी सकाळी तिथे जायची. उंची, वजन, दात, डोळे तपासायचे आणि कार्डावर लिहायचं, एवढं काम. शाळेचं नाव मी सांगणार नाही. माझा राग त्या एका शाळेपुरता नाही.

"आधी ती पडते कशी, ते कळू दे," मी म्हटलं.

ते परबबाईंना माहीत होतं. त्या पी.टी. शिकवायच्या आणि तिन्ही वेळा मंगलला त्यांनीच उचललं होतं. एरवी शुद्ध बोलायच्या, पण चिडल्या की थेट मालवणी सुरू.

"फिटी खयच्यो! हातपाय झाडूक नाय, काय नाय. पांढरीफटक पडली, घाम सुटलो आणि खाली. पाणी मारल्यावर उठान 'सॉरी बाई' म्हणता!"

निदान तिथेच निम्मं झालं. फिट आली की अंग ताठरतं, झटके येतात, कधी जीभ चावली जाते आणि नंतर बराच वेळ माणूस भानावर नसतो. चक्कर येऊन पडणारा आडवा झाला की लगेच जागा होतो. मेंदूला रक्त मिळालं की झालं.

मंगलला मी खुर्चीवर बसवलं. वय पंधरा, वजन अकरा वर्षांच्या मुलीचं. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. ती आतून लाल दिसायला हवी. हिची धुऊन वाळत घातलेल्या फडक्यासारखी होती. बोटाला सुई टोचून रक्त घेतलं. तेव्हा हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला लाल भाग, मोजायची आमची पद्धत साधी होती. काचेच्या नळीत रक्त आणि अॅसिड घालायचं, आणि शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी टाकत जायचं. बाराच्या आसपास जुळलं तर ठीक. मंगलचं सहावरच जुळलं. मी नळी धुऊन पुन्हा केलं. पुन्हा सहाच.

"सकाळी काय खाल्लंस?"

"उपास आहे बाई."

"कसला?"

"शनिवारचा. मारुतीचा."

मी तिचं जुनं कार्ड काढलं. नववीत दोनदा तपासलं होतं. दोन्ही वेळा माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'उपास कमी करावेत.' अक्षर मात्र सुरेख होतं.

"थांब, तुझ्या आईलाच भेटते. या वयात कसले उपास करायला लावतात!"

मंगलने माझा हात धरला. "नको ना बाई. आईला नका सांगू."

मी ऐकलं नाही. रविवारी सकाळी डोंगर चढून गेले. मंगलची आई सोलापूरकडची. कारखान्यात शर्टांचे धागे तोडायचं काम करायची. मला बघून तिने घाईघाईने गोधडी झटकली, पाट दिला.

मी सरळ उपासावरच घसरले. पोरीच्या अंगात रक्त नाही आणि तुम्ही तिला शनिवार कसले धरायला लावता, वगैरे. बाईने सगळं ऐकून घेतलं. तिला काही उमजेना.

"मारुतीचा उपास? आमच्यात कुठला वो बाई? आमी बौद्ध."

मी वळून मंगलकडे पाहिलं.

"आन् तिला तर साळंत रोज खायला मिळतंय की," आई म्हणाली. "तिनंच सांगितलं. म्हनून सकाळची भाकर मी धाकट्या दोघान्ला घालते."

शाळेत दूध मिळायचं, पण फक्त बालवाडीला. मंगल दाराशी उभी होती. घरी सांगायची शाळेत मिळतं, शाळेत सांगायची उपास आहे. या दोन थापांच्या मध्ये ती दोन वर्षं न खाता शिकत होती, आणि मी कार्डावर सल्ले लिहीत होते. डोंगर उतरताना मला माझीच लाज वाटली.

पुढच्या शनिवारी मी तिला एकटीला विचारलं, "उपासच का सांगितलंस गं?"

"डबा नाही म्हटलं की मुली बघतात ना बाई. उपास म्हटलं की टीचर शाब्बास म्हणतात."

मग मी आठवी ते दहावीच्या मुलींची कार्डं घेऊन बसले. अर्ध्याअधिक कार्डांवर उपास. कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कोणाची संकष्टी. परबबाईंनी माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "महिनो संपत इलो काय उपास वाढतत. माका वाटायचा, पोरी देवभोळ्यो आसत."

दाखला द्यायच्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत अण्णाही बसले होते. अण्णा म्हणजे संस्थेचे विश्वस्त. किराण्याचा घाऊक धंदा, कपाळाला गंध, बोलणं गोड. मी म्हटलं, वरच्या वर्गातल्या मुलींना मधल्या सुट्टीत काहीतरी खायला द्या. मुठीएवढं असलं तरी चालेल.

"बालवाडीला दूध देतो ना आपण?" अण्णा म्हणाले.

"ही पंधरा वर्षांची आहे. या वयात हाडं वाढतात, उंची वाढते. पाळी सुरू झालेली असते, दर महिन्याला रक्त जातं. लहान पोरापेक्षा हिला जास्त लागतं."

पाळी म्हटल्यावर हेडमास्तर खोकले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

"कुपोषण वगैरे दुष्काळी गावांत असतं हो," अण्णा म्हणाले. "हे घाटकोपर आहे."

"इथून डोंगर दिसतो, अण्णा."

"ही शाळा आहे, अन्नछत्र नाही. आज एकीला दिलं, तर उद्या सगळा डोंगर रांगेत उभा राहील."

माझं डोकं फिरलं. डोंगर रांगेत उभा राहील, म्हणजे डोंगर भुकेला आहे हे यांना माहीत होतं! तरी लहान मुलाला दिलेल्या कपभर दुधावर यांचं पुण्य भागत होतं. मूल दातपडकं आणि गोंडस असेपर्यंत भूक दिसते. त्याच मुलीला दोन वेण्या आल्या की ती 'मोठी झाली, आपलं आपण बघेल'. सरकारी तक्ते, वर्गणीचे फोटो, सगळं लहान मुलांचं. चौदा-पंधराच्या पोरीचं पोट कोणाच्याच हिशेबात नव्हतं. माझ्याही नव्हतं, म्हणून तर आवाज जास्त चढला.

मी तिथेच बसून दाखला लिहिला. 'फिट्स नाहीत. रक्त कमी आहे, कारण अन्न कमी आहे. उपचार: लोहाच्या गोळ्या आणि रोज पोटभर जेवण. विद्यार्थिनी शाळेत बसायला फिट आहे.' हेडमास्तरांना दाखल्यात फिट हवं होतं. मी दिलं.

"हे फाइलला कसं लावणार?" ते म्हणाले.

"लावू नका. दुसरी प्रत मी बोर्डाकडे पाठवते."

फाइलला लागलं. मंगलचं नाव पटावर राहिलं.

पण भूक दाखल्याने भागत नाही. लोहाच्या गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या की मळमळतं. मंगल गोळी घ्यायची आणि दुसऱ्या तासाला ओकायची. बोर्डाची परीक्षा चार महिन्यांवर आली होती. मी हात टेकले.

परबबाईंनी टेकले नाहीत. एका शनिवारी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, उपासाक शेंगदाणे चलतत मां?"

"चालतात की. गूळही चालतो."

"झाला तर मग."

त्या तडक अण्णांच्या दुकानात गेल्या. म्हणाल्या, आपल्या शाळेतल्या मोठ्या मुली फार उपास करतात हो. निरंकार बसतात बिचाऱ्या. फराळाची काही सोय झाली तर बरं. अण्णांचे डोळे भरून आले. आजकालच्या मुलींमध्ये एवढी श्रद्धा आहे, हे त्यांना माहीतच नव्हतं. संध्याकाळच्या आत शेंगदाण्याचं पोतं आणि गुळाची ढेप शाळेत पोचली. पुढेही संपली की नवी यायची.

भुकेल्या मुलींसाठी ज्या दुकानातून मूठभर दाणे निघत नव्हते, तिथून उपास करणाऱ्या मुलींसाठी पोतं आलं. त्या पोत्याचा मला आजही संताप येतो. परत मात्र मी पाठवलं नाही.

मधल्या सुट्टीत परबबाई पी.टी.च्या खोलीत बसायच्या. उपासवालीने यायचं, ओंजळ पुढे करायची. कसला वार, कुठला देव, काही विचारायचं नाही असा त्यांचा नियम. पंधरा दिवसांत निम्मा वर्ग उपासाला लागला. नववीतल्या रोझीने बुधवार धरला. हेडमास्तरांनी भुवया उंचावल्या, तर परबबाई म्हणाल्या, "श्रद्धा आहे सर. अण्णांना सांगू का?" त्यांनी भुवया खाली घेतल्या.

मंगल आता दाणे खाऊन गोळी घ्यायची. गोळी पोटात राहायला लागली. प्रिलिमच्या सुमाराला काचेचा रंग दहावर जुळला. बोर्डाच्या एकाही पेपरात ती पडली नाही. पासही झाली. शाळेने पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही. 'आपल्या सेवेची आवश्यकता नाही' एवढंच पत्र आलं.

निकालाच्या दिवशी मंगल पेढे घेऊन दवाखान्यात आली. मी म्हटलं, आधी तू खा. तिने माझ्यासमोर दोन खाल्ले. तो शनिवार होता.

त्यानंतर तीस वर्षं मी प्रॅक्टिस केली. पेशंट उपास आहे म्हणाला, तर कुठल्या देवाचा, हे मी कधी विचारलं नाही. सुटणार कधी आणि कशावर, एवढंच विचारलं.